सुरवंटाची बाजू

निसर्गप्रेमी माणसाचं प्रेम नेमकं कोणत्या वयाच्या निसर्गावर असतं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. वेदान्त्यांना ब्रह्म पुरतं, नैयायिकांना धूर आणि अग्नी पुरतो. फुलपाखरांचा भार शेवटी आमच्यासारख्या पेन्शनरांवरच येऊन पडतो.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पावसाळा सरता सरता रविवारी सकाळी गेलात, तर गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं झुडपांपुढे उकिडवी बसलेली दिसतात. आमचे एक स्नेही त्यातलेच. बँकेतून निवृत्त झाले आणि फुलपाखरांत रुजू झाले. त्यांच्या बॅगा सांभाळायला म्हणून मीही जातो. सकाळचीच वेळ का, तर फुलपाखराला स्वतःच्या अंगची ऊब नसते. ऊन खाऊन पंख तापल्याशिवाय त्याला धड उडता येत नाही. तेवढा वेळ ते पंख पसरून पानावर बसतं, आणि तेवढ्याच वेळात आमचे स्नेही मला श्वास घ्यायची बंदी करतात. एकदा का ऊन चढलं, की फुलपाखरू आपल्या कामाला जातं आणि आम्ही मिसळ खायला जातो.

फुलपाखरांवर आपलं सगळ्यांचंच प्रेम. 2015 साली महाराष्ट्रानं 'ब्लू मॉर्मन'ला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं आपलं राज्य देशात पहिलं. काळ्या मखमलीवर निळी झाक, तळहाताएवढा पसारा; मान शोभतोच. पण सत्कारमूर्तीच्या बालपणाचा विषय मात्र कुणी काढत नाही. कारण त्या बालपणी ती सुरवंट असते आणि लिंबाच्या जातकुळीतल्या झाडांची पानं कुरतडत असते.

आमच्या स्नेह्यांचंच घ्या. सकाळी नऊला बागेत लिंबावरच्या पिवळ्या-काळ्या फुलपाखराचा फोटो काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. अकराला घरी आले, की गच्चीतल्या लिंबाच्या कुंडीवरचे सुरवंट चिमट्यानं उचलून गटारात टाकतात. ही त्याच फुलपाखराची मुलं! मी हे त्यांच्या नजरेला आणून दिलं, तर म्हणाले, "अहो, ते वेगळं."

माझ्या मते नीतिशास्त्राचा सगळा उगम या 'ते वेगळं'मध्ये आहे. मैफलीत आपण माना डोलावतो, पण तोच गवई लहानपणी शेजारी राहून पहाटे पाचला खर्ज लावत होता, तेव्हा खिडकी लावून घेणारे आपणच. विद्वान हवा, पण त्याची दहा वर्षांची अव्यवहारी पोरवयातली बडबड नको. पिकलं फळ आपलं आणि मोहोराचा कचरा शेजाऱ्याचा, ही आपली वाटणी.

तुम्ही म्हणाल, सुरवंट दिसतोच तसा, त्याला आपण काय करणार? खरं आहे. लिंबावरचा सुरवंट कोवळेपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो. पण तो तसा दिसतो तो जगायला. शीट कोण खाणार? मोठा झाला की हिरवा होऊन पानात मिसळतो, आणि फारच छेडलंत तर डोक्यामागून तांबडी दुबेळकी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडतो. तिकडे रुईच्या पानांवर वाढणारा पट्टेरी सुरवंट तर चिकातलं विष अंगात साठवतो आणि मोठेपणी पंखांत बाळगतो. 'प्लेन टायगर' फुलपाखराला पक्षी शिवत नाहीत ते या शिदोरीमुळे. त्या पंखांच्या रंगाची नक्कल करून दुसऱ्या एका जातीची मादी फुकटात निर्धास्त हिंडते. फोटोत दोघी सारख्याच सुंदर येतात. विष कुणी पचवलं, हे फोटोत येत नाही.

सांगायचा मुद्दा असा, की खाणं-पिणं, वाढणं, धोका पत्करणं ही सगळी मेहनत सुरवंटाची. फुलपाखराला चावायला जबडाच नसतो. ते सोंडेनं मध पितं आणि बालपणीच्या कमाईवर उडतं.

हे दोन्ही एकाच नजरेनं पाहणारी एक बाई होऊन गेली. मारिया सिबिला मेरियान, जन्म 1647, जर्मनीतली. 1679 साली तिनं सुरवंटांवर चित्रांचं पुस्तक काढलं आणि एकाच पानावर सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि ज्या झाडावर तो वाढतो ते झाड मांडलं. पुढे पन्नाशीत, 1699 साली, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली, तीही किडे रंगवायलाच. तिच्या चित्रांत कुरतडलेली पानं आहेत. म्हणजे तिनं फुलपाखराचं बिल लपवलं नाही.

आता बिल म्हटलं, की ते कुणी भरायचं हा प्रश्न आलाच. लिंबाची कलमं लावलेल्या शेतकऱ्याला मी सुरवंटाची बाजू सांगायला जाणार नाही. कोवळ्या रोपाची पानं गेली तर त्याचं वर्ष जातं. त्याचं 'ते वेगळं' खरंच वेगळं आहे. पण ज्याचं सगळं नुकसान एका कुंडीचं, त्यानं फुलपाखराचा फोटो दिवाणखान्यात लावावा आणि सुरवंटाला चिमटा लावावा, हे मला पटत नाही.

हे सगळं मी घरी मोठ्या तळमळीनं मांडलं. निमित्त आमच्या कढीपत्त्याचं. लिंबावरच्या फुलपाखराला कढीपत्ताही चालतो. आमच्या हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुरवंटावर प्रेम तुमचं, मग तो माझ्या फोडणीतून का जेवतो?"

वाचकहो, या प्रश्नाला मेरियानबाईंकडेही उत्तर नसावं. जगातली पुष्कळशी भूतदया दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून चालते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. दया करायची तर आपल्या खिशातून करावी. म्हणून मी नर्सरीतून स्वतःच्या पैशानं दुसरं रोप आणलं आणि जाहीर केलं, की हे त्यांचं आणि ते आपलं.

फुलपाखराची मादी अंडी घालण्याआधी पुढच्या पायांनी पानाची चव घेते. पण जाहीरनामे वाचत नाही. तिनं पहिली अंडी घातली ती नेमकी आमटीच्या कुंडीत. मी काही बोललो नाही. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पाहिलं, तर आमची ही एका काडीवर तो शिटेसारखा जीव अलगद उचलून पलीकडच्या रोपावर सोडत होती आणि त्याला सांगत होती, "जा बाबा, आपल्या ताटात जेव."