पासिंगच्या दोन तारखांमधली गाडी

अर्धापूरच्या शिवारात केळीची काढणी सुरू झाली की पिकअप आणि छोटा हत्ती यांना मागणी येते. घड शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, तिथून मोठ्या ट्रकमध्ये भरायचे, परतताना खत नाहीतर पाइप आणायचे, अशी कामं हंगामभर मिळतात. नवी गाडी परवडत नाही म्हणून अनेक तरुण जुनी पिकअप शोधतात. नांदेडला किंवा लातूरला एखादी विकायला असल्याचं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पासिंग कधीपर्यंत आहे?’ समोरून उत्तर येतं, ‘अजून अकरा महिने काळजी नाही.’ आणि बोलणं किमतीवर येतं. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फक्त पुढे पाहतो. मागची पासिंगं कधी कधी झाली, हे विचारलं तर गाडीबद्दल कितीतरी जास्त कळतं.

आधी पासिंगमध्ये काय पाहतात ते नीट समजून घ्यायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ६२ वा नियम व्यावसायिक गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राचा आहे. ब्रेक, स्टिअरिंगमधला खेळ, हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, वायपर, सायलेन्सर, स्पीडोमीटर आणि धूर एवढ्या गोष्टी त्यात येतात. म्हणजे ही गाडी रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर उठणार नाही, एवढं पाहणं हा त्या तपासणीचा हेतू. इंजिनाचं कॉम्प्रेशन किती उरलं आहे, गिअरबॉक्सचं बेअरिंग वाजतं का, क्लच प्लेट संपत आली आहे का, हे त्यात येत नाही. विकत घेणाऱ्याचा खिसा रिकामा करणारी दुखणी नेमकी याच यादीत असतात.

तपासणी झाली तरी ती मनापासून झाली का, हाही प्रश्न आपल्या राज्यात जुना आहे. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा ब्रेक तपासायला लागणारा २५० मीटरचा ट्रॅकसुद्धा अनेक आरटीओ कार्यालयांकडे नव्हता. न्यायालयाने २०१६ साली त्याबाबत आदेश दिले आणि २०१८ मध्ये अनेक मोटार वाहन निरीक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. एका नागरिकाने चिकाटीने लावून धरलेल्या त्या प्रकरणामुळे पासिंगच्या दिवशी गाडी खरोखर पळवून, ब्रेक दाबून पाहण्याला वजन आलं. त्याबद्दल आपण सगळ्यांनी कृतज्ञ राहायला हवं.

पण समजा, तपासणी अगदी चोख झाली. तरीही ती एका दिवसाची साक्ष आहे. त्या दिवसापुरते चांगले टायर चढवणारे आणि दुसऱ्या दिवशी गुळगुळीत टायरवर येणारे मालक असतातच. म्हणून एका प्रमाणपत्रावरून गाडीविषयी फार थोडं ठरवता येतं. ओळीने चार प्रमाणपत्रं समोर ठेवली की मात्र त्यांतून मालक दिसू लागतो. माळेगावच्या यात्रेत लालकंधारी बैल घेणारा शेतकरी दात पाहून वय ठरवतो, पण पैसे काढण्याआधी बैल कुणाच्या दावणीचा हे विचारतो. जुन्या गाडीची दावण तिच्या कागदांच्या तारखांत शोधायची असते.

ती कशी शोधायची, ते एका उदाहरणाने पाहू. आजच्या नियमाप्रमाणे नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं योग्यता धरलेली असते. पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग आणि त्यानंतर दरवर्षी. तेव्हा जून २०१९ ला नोंदलेल्या पिकअपची पासिंगं जून २०२१, जून २०२३, जून २०२५ च्या आसपास पडायला हवीत. प्रत्यक्षात पहिलं पासिंग ऑक्टोबर २०२१ चं निघालं, तर मालकाला दोष देऊ नका. करोनाच्या काळात केंद्र सरकारने अशा कागदांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेली होती. पण पहिलं पासिंग जून २०२१ मध्येच झालं आणि दुसरं मात्र जून २०२३ ऐवजी फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेलं असेल, तर मधल्या आठ महिन्यांत ही गाडी कुठे होती?

माझ्या मते सगळी परीक्षा या प्रश्नात आहे. उत्तरं तीनचार प्रकारचीच असू शकतात. गाडीला अपघात झाला आणि ती वर्कशॉपमध्ये पडून होती. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. घरातल्या अडचणीमुळे नुसती दारात उभी होती. किंवा ती रोज चालत होती, फक्त पासिंग केलं नव्हतं. कोणतं खरं, हे मालकाच्या शब्दावर सोडायचं नाही आणि त्याच्याशी वादही घालायचा नाही. त्याच आठ महिन्यांतले बाकीचे कागद मागायचे. विमा चालू होता का? त्या काळात क्लेम झाला का? ई-चलान आहे का, असेल तर कोणत्या गावातलं? फास्टॅगचं स्टेटमेंट मालकाला सहज काढता येतं. त्यात टोलनाका आणि वेळ दोन्ही सापडतात. टोल नाही, चलान नाही, विमाही बंद, तर गाडी बहुधा उभी होती. मग बॅटरी, टायर, रबरी पाइप आणि डिझेलची टाकी यांची पाहणी करायची. विमा चालू, क्लेम मोठा, तर चासीवरची वेल्डिंग मिस्त्रीकडून शोधून घ्यायची. आणि पासिंग नसताना दर आठवड्याला टोल कापलेला दिसला, तर ही गाडी मी घेणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, हे ठाऊक असूनही जो माणूस आठ महिने गाडी चालवतो, तो ऑइल वेळेवर बदलत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

फट कोणत्या महिन्यात सुरू होते, तेही पाहावं. एमएच ०९ किंवा एमएच १० ची गाडी ऑगस्ट २०१९ नंतर काही महिने कुठल्याच कागदावर दिसत नसेल, तर कोल्हापूर-सांगलीचा तो महापूर आठवायला हवा. अशा गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, सीटखालच्या रुळांवरचा गंज पाहा, चटई उचलून गाळ शोधा.

तारखांच्या शेजारी किलोमीटर लिहिले की चित्र आणखी भरतं. सर्व्हिसच्या बिलावर तारीख आणि मीटरचा आकडा असतोच. एका वहीत दोन रकाने करून ते उतरवून काढावेत. २०२१ च्या बिलावर ७८ हजार, २०२३ मध्ये १ लाख ५२ हजार आणि आज मीटरवर ९६ हजार, असं असेल तर मीटर मागे घेतलंय हे कुणालाही कळेल. पण दोन वर्षं दरसाल ३७ हजार धावलेली मालवाहू गाडी अचानक वर्षाला ६ हजारांवर आली, तर तेही विचारण्यासारखं आहे. केळीचं भाडं कमी झालं म्हणून असं होऊ शकतं. मीटर काही काळ बंद ठेवूनही असं होतं.

पीयूसीचंही तेच. बीएस-४ डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा १.६२ आहे आणि प्रमाणपत्रावर मोजलेला आकडा छापलेला असतो. जुनी पीयूसी मालकाने जपून ठेवली असतील, तर ते आकडे ओळीने वाचा. वयाबरोबर ते थोडे खालीवर व्हायचेच. दरवर्षी वाढत मर्यादेला भिडत असतील, तर इंजेक्टर किंवा इंजिन झिजतंय. चार वर्षं एकच आकडा छापलेला दिसला, तर गाडी यंत्रापुढे उभी राहिली होती का, अशी मला शंका येते.

पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीला हा आधारही नाही. तिची नोंदणी १५ वर्षांची. त्या काळात पीयूसीखेरीज कोणतीही सक्तीची तपासणी नाही. ब्रिटनमध्ये अशी तपासणी १९६० पासून आहे, आणि तिथं आज कोणीही गाडीचा नंबर टाकून मागच्या तपासण्यांचा निकाल, त्या वेळचं मीटर आणि तपासनिसाच्या सूचना फुकट वाचू शकतो. तिथली एखादी गाडी नापास झाली आणि दोन दिवसांत दुरुस्त होऊन पास झाली, तर जाणकार ती नोंद चांगली मानतात, कारण मालकाने दुखणं काढलं याची ती पावती असते. जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे परिवहन विभागाच्या ॲपवर विमा, पीयूसी यांची आजची मुदत दिसते, गाडी कितव्या मालकाकडे आहे ते कळतं, बोजा कळतो. मागचा प्रवास मात्र घेणाऱ्यालाच जुळवावा लागतो. हा उघडा इतिहास आपल्यालाही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तोवर विम्याच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस पाहावा. तो २० टक्क्यांपासून वाढत ५० वर जायला ओळीने पाच वर्षं क्लेमशिवाय जावी लागतात. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. म्हणून मालक तोच असेल तेवढ्याच वर्षांची साक्ष त्यातून घ्यायची. ५० वरून एकदम शून्यावर आलेला बोनस दिसला, तर त्या वर्षी काय झालं ते विचारायचं.

कागदच नाहीत, असं सांगणारे मालकही भेटतात, आणि ते सगळे लबाड नसतात. पुष्कळांनी बिलं कधी ठेवलेलीच नसतात. तिथं मी एकच हिशेब धरतो. ज्या कामाचं बिल नाही, ते काम झालेलंच नाही. क्लच, टायर, सस्पेन्शन, इंजेक्टर यांचा आजचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घ्यायचा आणि सांगितलेल्या किमतीतून वजा करायचा. पासिंग संपायला दोनतीन महिने राहिले असतील, तर थोडा इसार देऊन म्हणायचं, ‘भाऊ, पासिंग तुम्हीच करून द्या, फी मी भरतो. गाडी न्यायला मीही सोबत येतो.’ गाडीची खात्री असलेला मालक त्याच आठवड्यातला दिवस सांगतो. जो दहा हजार कमी करायला लगेच तयार होतो पण गाडी ट्रॅकवर न्यायला तयार होत नाही, त्याच्याकडून इसार परत घ्यायचा आणि नांदेडहून पुढची गाडी बघायला निघायचं.