वेशीबाहेरचे परमपवित्रस्थान

शाहूवाडीहून पश्चिमेस निघालेली वाट आंबा घाटाने ज्या कोकणात उतरते, त्याच कोकणपट्टीच्या उत्तरेकडील गावांतून बेने इस्राएल या यहुदी समाजाने पिढ्यानपिढ्या तेल गाळले आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवले. आणि शाहूवाडीच्या पूर्वेस, वारणेच्या खोऱ्यातील कोडोलीत, रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात आरंभिलेल्या व पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या स्वाधीन झालेल्या कार्याचे एक ठाणे वसले. मोशेच्या ग्रंथांवर वारसाहक्क सांगणारी ही दोन घराणी सह्याद्रीच्या दोन अंगांस नांदलेली असताना, इस्राएलाच्या प्राचीन उपासनासामग्रीचा ख्रिस्ती अर्थ काय, हा प्रश्न या मुलखाला परका राहत नाही.

त्या सामग्रीत अग्रमान कराराच्या कोशाचा. बाभळीचे लाकूड, अडीच हात लांबी, दीड हात रुंदी, दीड हात उंची, आतून-बाहेरून शुद्ध सोन्याचा मुलामा, चार पायांना चार कड्या, कड्यांत दांडे, आणि हुकूम असा की हे दांडे कधीही काढू नयेत. जोतिबाची पालखी पाहत वाढलेल्या माणसाला, देव भक्तांच्या खांद्यांवरून चालतो म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु पालखीत मूर्ती असते, आणि कोशात होत्या त्या दोन दगडी पाट्या. पुढे शलमोनाने यरुशलेमेत फिरत्या दर्शनमंडपाऐवजी पक्के मंदिर बांधले, कोश आतल्या गाभाऱ्यात, म्हणजे परमपवित्रस्थानात, स्थिरावला, तरी दांडे तसेच राहिले, आणि ते इतके लांब होते की त्यांची टोके बाहेरच्या पवित्रस्थानातून दिसत, असे राजांच्या पहिल्या ग्रंथात नमूद आहे. ज्या देवाला राजाने मंदिर दिले, तो देव त्या मंदिरात कायमचा कोंडला गेलेला नाही, ही गोष्ट त्या टोकांनी रोज येणाऱ्या याजकाला दाखवली असली पाहिजे.

कोशावर झाकण म्हणून दयासन होते. त्यावर समोरासमोर दोन करूब, आणि त्यांच्या पंखांखाली रिकामी जागा. प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदाच, प्रमुख याजक परमपवित्रस्थानापुढील अंतरपटाच्या आत जाई आणि बैलाचे व बकऱ्याचे रक्त दयासनावर व दयासनासमोर शिंपडी. या ठिकाणी मला फार वेळ थांबावेसे वाटते. कारण खाली पाट्यांवर कोरलेला करार, म्हणजे लोकांनी तो मोडल्याचा उभा पुरावा, आणि त्याच पुराव्याच्या झाकणावर क्षमेचे रक्त, अशी ही मांडणी आहे. दस्तऐवज फाडून टाकलेला नाही आणि गुन्हेगारही हाकलून दिलेला नाही. ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयी ख्रिस्ती धर्म जे सांगतो, ते याहून वेगळे नाही.

मात्र काही उपदेशक मंडपाच्या निळ्या रंगात स्वर्ग, किरमिजी रंगात रक्त, प्रत्येक कडीत आणि मेखेत एकेक सिद्धांत शोधत जातात, ते मला मान्य नाही. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा लेखक करूबांपर्यंत आला आणि यांविषयी आता सविस्तर बोलता येत नाही, असे म्हणून पुढे निघून गेला. तो संयम अनुकरणीय आहे. हात-पाय धुण्याचे पितळी गंगाळ दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचे घडवले, एवढेच निर्गमात सांगितले आहे. त्या अनाम स्त्रियांनी आपले रूप पाहण्याचे साधन दिले, हा अर्थ वस्तूतच आहे; त्यावर वरून दुसरा चिकटवण्याची गरज नाही. शिवाय अतिरेकी रूपकाने मूळ धन्याचा हक्क बुडतो. ज्यांच्या सभास्थानांत आजही यरुशलेमेच्या दिशेला कोश आणि त्यापुढे दिवा असतो, त्यांच्या उपासनेला निव्वळ संपलेली छाया म्हणणे हे अज्ञान तर आहेच, पण कृतघ्नताही आहे.

आता अंतरपट. येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमान सांगते, आणि इब्री लोकांस पत्र त्या पडद्याला ख्रिस्ताचे शरीर म्हणते. परंतु तेच पत्र शेवटच्या अध्यायात अनपेक्षित वळण घेते: ज्या पशूंचे रक्त परमपवित्रस्थानात नेले जाई, त्यांची शरीरे छावणीबाहेर जाळली जात, म्हणून येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले, आणि आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जावे. सर्वांत आतल्या दालनाचा मार्ग असा थेट गावकुसाबाहेर निघतो. कोल्हापूरच्या या मुलखात मिशनचा संदेश स्वीकारणारे बहुसंख्य लोक महारवाड्यांतले आणि मांगवाड्यांतले होते, ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मनाई वहिवाटीने ठरून गेली होती. एकच मनुष्य, वर्षातून एकदाच, तोही रक्त घेऊन आत जाऊ शके, ही व्यवस्था त्यांना कोणाच्या टीकेवरून समजून घ्यावी लागली नाही. आणि पडदा फाटल्याची वार्ता आमच्या धर्मपंडितांच्या आधी त्यांना का पटली, याचाही उलगडा याच अध्यायात आहे.