मौनातील असत्य

मनुष्य खोटे बोलला नाही, एवढ्यावरून तो सत्यनिष्ठ ठरतो काय? हा प्रश्न वरवर शास्त्रचर्चेतला वाटतो. परंतु गृहस्थाच्या दारी तो बहुधा खरेदीविक्रीच्या रूपाने येऊन उभा राहतो. माझ्याकडे तो एका जुन्या मोटारसायकलीच्या निमित्ताने आला.

भाषांतराच्या कामासाठी दिल्लीत राहत असता त्या गाडीवरून मी हिमालयातील पुष्कळ तीर्थस्थाने पाहिली. तिच्या मीटरवर ८४,००० किलोमीटरांची नोंद झाली होती आणि वय १४ वर्षांचे. कोपर्निकस मार्गावरील फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आसन आहे. त्याने २०१४ साली १५ वर्षांहून जुन्या वाहनांस दिल्लीच्या रस्त्यांवर मनाई केली. म्हणून गाडी बाहेरगावच्या गिऱ्हाइकास वेळीच विकावी, असे मी ठरविले. एक कारागीर म्हणाला, ‘पंडितजी, मीटर तीस हजारांवर आणून देतो.’ ते पाप उघड होते. म्हणूनच ते टाळणे सोपे गेले. खरी कसोटी पुढेच होती.

त्याच मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात उतरलेला धुळ्याकडचा एक तरुण गाडी पाहावयास आला. तिच्यावरूनच हजाराहून अधिक किलोमीटर प्रवास करून तो घरी जाणार होता. एका घाटात पडल्यामुळे गाडीचा पुढचा फोर्क वाकला होता व मी तो सरळ करून घेतला होता. तथापि भरधाव वेगात हँडल थरथरे. शहरातल्या फेरीत ते कळत नसे. तरुणाने एक फेरी मारली आणि तो संतोषाने म्हणाला, ‘काका, तुम्हांला काय विचारायचे?’

मी गप्प राहिलो. मनाने तत्काळ वकिली आरंभिली: विचारले नाही, ते सांगण्याचे बंधन कोठे आहे?

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात एक मार्मिक दृष्टांत आहे. लिलावात सदोष घोडा विकणारा त्याच्या दोषाविषयी गप्प राहिला, तर ते कपट नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली कन्या असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य होय. आमच्या स्मृतिकारांनी याहून पुढचा विचार केला. याज्ञवल्क्य व नारद या दोघांनीही वाहक जनावराच्या परीक्षेस पाच दिवसांची मुदत दिली; कारण वाहनाचा दोष दारात दिसत नाही, तो वाटेत दिसतो. निर्दोष वस्तू दाखवून सदोष देणाऱ्यास नारदाने दुप्पट मूल्य व तितकाच दंड सांगितला आहे.

कायदा कन्येपाशी थांबतो, हे योग्यच आहे; सर्वांवर प्रेम करा, अशी आज्ञा त्याला देता येत नाही. परंतु भगवंतांनी सहाव्या अध्यायात, जो इतरांचे सुखदुःख आपल्याच उपमेने पाहतो, त्याला श्रेष्ठ योगी म्हटले आहे. त्या दृष्टीपुढे परका गिऱ्हाईक उरतच नाही. प्रत्येक घेणारा कन्येच्या जागी येतो. शिवाय त्या तरुणाने मला ‘काका’ म्हणून ते नाते स्वतःच जोडले होते. त्याचे न विचारणे हाच सर्वांत मोठा प्रश्न होता.

मी त्याला थांबवून सर्व सांगितले. त्याने गाडी घेतली नाही. महिन्याभराने दुरुस्तीचे काम जाणणाऱ्या एका गृहस्थाने सर्व ऐकून ती एकतृतीयांश कमी किमतीस घेतली.

कोणी म्हणेल, गृहस्थाने आपल्या मुलाबाळांचा तोटा का करावा? यावर उत्तर असे की, ती एकतृतीयांश रक्कम माझी कधी नव्हतीच. ती गाडीची किंमत नव्हती, त्या तरुणाच्या अज्ञानाची किंमत होती; आणि तिची भरपाई त्याला कदाचित आपल्या हाडांनी करावी लागली असती.

म्हणून वाचकहो, गाडी असो, गाय असो वा घर असो, विकताना ‘मी खोटे बोललो काय?’ एवढेच स्वतःस विचारू नये. ‘हीच वस्तू याच शब्दांत मी माझ्या लेकीला दिली असती काय?’ असे विचारावे. उत्तर देताना जीभ अडखळली, तर सांगावयाचे काही राहिले आहे असे निश्चित समजावे.