इसहाकाच्या विहिरी आणि आमची बावखले

शास्त्रपाठ : उत्पत्ती, अध्याय २६, वचने १२ ते २२



दुष्काळाच्या दिवसांत इसहाक गरार येथे परका म्हणून राहिला. त्याने पेरले, आणि देवाच्या आशीर्वादाने त्यास शंभरपट पीक मिळाले. त्याची गुरेमेंढरे वाढली, चाकरमाणसे वाढली, आणि पलिष्टी लोकांस त्याचा हेवा वाटू लागला. त्याचा बाप अब्राहाम याच्या चाकरांनी खणलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. आता राजानेही इसहाकास निघून जाण्यास सांगितले. विचार करा, पाणी तर पलिष्ट्यांसही लागत होते. कोरड्या मुलखात विहीर बुजविणे म्हणजे आपल्याच लेकरांच्या तोंडचा पेला उपडा करणे होय.

वसईच्या मंडळीस हा पाठ दूरचा वाटू नये. आमच्या वाडवडिलांनी वाड्यांतून बावखले खणली. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, आजूबाजूच्या विहिरींस पुरे, आणि आत शिरू पाहणाऱ्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यास मागे रेटी. त्या पाण्यावर केळी, पानवेली व भाजीपाला पिकत असे. आज कित्येक बावखले माती व राडारोडा टाकून सपाट झाली आहेत. ती कोणा पलिष्ट्याने बुजविली नाहीत. आम्हीच बुजविली.

हे लिहिताना आमची मान खाली जाते. आमच्या घरचे बावखल भरावयाचे भावंडांनी ठरविले, तेव्हा आम्ही शास्त्र शिकून आलेले होतो, आणि तरीही त्या कागदावर आमची सही आहे. पुढे दोन उन्हाळ्यांत शेजारच्या एका विधवा मातेच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. तिने आम्हांस दोष दिला नाही. ती फक्त हंडा घेऊन आमच्या दाराशी आली. त्या हंड्यावर आम्हांस जितका उपदेश मिळाला, तितका आम्ही व्यासपीठावरून कधी केला नाही.

कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, माणसेच फार झाली, तेथे बावखले काय करणार?" माणसे वाढली हे खरे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ च्या नोव्हेंबरात जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. आमची महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत या शहरात १२,२२,३९० माणसे मोजली गेली. परंतु दोष पाळण्यास देऊ नका. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली. येथे दाटी झाली ती मुख्यतः मुंबईत छप्पर न परवडल्याने लोकलगाडीच्या वाटेवर घर शोधणाऱ्या लोकांची. ते आमच्या दारी आलेले इसहाक आहेत. त्यांचा हेवा करणे हे पलिष्ट्यांचे काम आहे.

त्यांस ओढ्यानाल्यांच्या वाटेवर घरे विकणारे मात्र निराळे. जुलै २०१८ मध्ये वसई कित्येक दिवस पाण्याखाली राहिली, कारण पाण्याची वाट आम्ही अडविली होती. २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यात सांडपाणी व कचऱ्याच्या कामाकरिता राखून ठेवलेल्या जागेवरील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या हुकुमाने पाडण्यात आल्या. लोभ एकाने केला, आणि उघड्यावर आली ती गोरगरिबांची लेकरे.

रानात देवाने मान्ना दिला, तेव्हा प्रत्येकाने गरजेपुरताच वेचावा अशी आज्ञा होती. ज्यांनी उद्याकरिता लपवून ठेवला, त्यांच्या मडक्यांत किडे पडले. देवाच्या सृष्टीत गरजेस पुरेसे आहे, हावेस नाही. आमच्या लग्नांतील अर्धी प्यालेली पाण्याची बाटली व उष्टी पत्रावळ यांचाही हिशेब द्यावा लागेल.

गरारचे गुराखी इसहाकाच्या चाकरांशी भांडले की हे पाणी आमचे. आम्हीही तसेच म्हणतो. परंतु सूर्या नदीवरील धामणी धरण मूळतः आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतीस पाणी मिळावे म्हणून योजिले होते. आज त्यातील मोठा वाटा शहरांकडे वळला आहे. २०२३ साली नव्या योजनेचे पाणी वसई-विरारला येऊ लागले. या शहराकरिता त्यात दररोज साडेअठरा कोटी लिटर पाणी योजिले आहे. नळ सोडताना त्या शेताची आठवण ठेवा. घरची विहीर बुजवून दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगणे हा न्याय नव्हे.

मग इसहाकाने काय केले? त्याने बापाच्या विहिरी पुन्हा उकरल्या, आणि बापाने ठेविलेली नावेच त्यांस दिली. नव्या विहिरींवर भांडण झाले, तेव्हा त्याने एकीस भांडणाचे व दुसरीस वैराचे नाव देऊन त्या सोडल्या. तिसरीवर कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेविले, म्हणजे ऐसपैस जागा. ध्यानात घ्या, जागा शेजाऱ्यास हाकलून झाली नाही. पुन्हा पुन्हा खणल्याने झाली.

वसईत असे खणणारे झाले आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने येथील हिरवळ व पाणी राखण्याकरिता मोठी चळवळ केली. ते २०२४ साली प्रभूकडे गेले. पंथ निराळा असला तरी पाणी एकच आहे.

म्हणून प्रचारक बंधूंस आमची विनंती आहे की, पावसाळ्यापूर्वी एका रविवारी उपासनेनंतर मंडळीस घेऊन गावातील जुनी बावखले व विहिरी पाहून याव्यात. त्यांची जुनी नावे वृद्धांस विचारून लिहून ठेवावीत. एकीतील तरी गाळ काढावा. मंदिराच्या छपराचे पाणी विहिरीकडे वळवावे. आणि भरावाचा कागद पुढे आला, तर सही करण्याआधी शेजारणीचा हंडा आठवावा. आमचे बावखल आता सपाट आहे, त्यावर परक्याची भिंत उभी आहे. तुमचे अजून उघडे असेल, तर तुम्ही आमच्याहून भाग्यवान आहात.

ज्याने इसहाकास जागा दिली, तो आम्हांस शेजाऱ्याकरिता जागा करण्याची बुद्धी देवो. आमेन.