जोर कुठे लावायचा

सकाळी पुण्याची गाडी गाठायला दौंड स्टेशनकडे निघालेल्या साध्या, बिनगियरच्या सायकली बघा. पायडलच्या एका फेऱ्यात पायाचा जोर सगळीकडे सारखा लागत नाही. पायडल पुढे आडवं असतं तेव्हा अंगाचं सगळं वजन कामी येतं. एक पायडल थेट वर आणि दुसरं थेट खाली गेलं, की कितीही दाबा, जोर वाया जातो. तेवढा क्षण आधीच्या वेगावरच निभावतो. सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही. पाटसच्या पुढे रोटी घाट लागला, की प्रत्येक फेऱ्याला जाणवतं. वारीत तुकोबांच्या रथाला या चढावर जादा बैलजोड्या जुंपतात. बिनगियरच्या सायकलवाल्याची सगळी भिस्त आपल्या दोन पायांवर.

यावर एक जुना उपाय आहे, लंबगोल चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक. पाय जोरात असतो तेव्हा या चाकाचा फुगीर भाग साखळी ओढतो. पाय कमजोर जागी आला, की चपटा भाग येतो. 2012 साली ब्रॅडली विगिन्स यांनी टूर द फ्रान्स जिंकली ती असंच चेनव्हील वापरून. अशा चेनव्हीलनं ताकद वाढते, असं मोजमापात ठामपणे दिसलेलं नाही. पण संथ चढावर पाय अडखळत नाही, असं बिनगियरची सायकल चालवणारे कितीतरी जण सांगतात. दाते तेवढेच असतील, तर एका फेऱ्यात सायकल तेवढीच पुढे जाते. म्हणजे काम कमी होत नाही, त्याची वाटणी बदलते. ही वाटणी जपून करावी लागते. 1983 च्या सुमारास शिमानो कंपनीनं आणलेल्या बायोपेस चेनव्हीलचा फुगीर भाग जवळजवळ उलट जागी होता. ते काही वर्षांतच मागे पडलं.

आपल्या दिवसालाही भराचे तास असतात आणि ओहोटीचे असतात. घरखर्चाचा हिशेब, अवघड फोन, मुलांशी बोलायची नाजूक गोष्ट, हे सारं आपण रात्री थकल्यावर काढतो. मग जमत नाही, आणि आपल्यात दमच उरला नाही असं वाटतं. दम असतो. वेळ चुकलेली असते.

सगळा दिवस आपल्या हातात नसतो. गाडीची वेळ, कामाची पाळी ठरलेली असते. तरी एखादं काम हलवता येतं. आज निघण्यापूर्वी दिवसातलं सगळ्यात जड काम कोणतं ते ठरवा आणि ते आपल्या भराच्या तासात न्या. थकल्या वेळेला भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या असलं हलकं काम ठेवा. आणि मध्ये थोडी मोकळी जागा सोडा. लंबगोल चेनव्हीलवर साखळीचा ताण फिरताना कमी-जास्त होतो, म्हणून ती अगदी ताणून बसवत नाहीत. आपला दिवसही तसाच बेतावा. काम तेवढंच होईल, आणि संध्याकाळी घरच्यांशी बोलायला थोडा उत्साह शिल्लक राहील.