जामीन आणि थुंकीचा रिपोर्ट

घोटी पोलिस ठाण्यात एखाद्याला अटक झाली की त्याची पुढची वाट ठरलेली असते. आधी सरकारी दवाखान्यात 'मेडिकल', मग इगतपुरीचे कोर्ट, आणि न्यायालयीन कोठडी मिळाली की नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह. एवढ्या प्रवासात त्याच्या अंगावरचा ओरखडासुद्धा कागदावर येतो. तो दोन महिन्यांपासून खोकतो आहे, हे मात्र कागदावर येईलच असे नाही.

यात डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नाही. अटकेनंतरच्या तपासणीवर कायद्याने भर दिला तो कोठडीतल्या मारहाणीला आळा बसावा म्हणून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 53, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले 54, जखमा आणि मारहाणीच्या खुणा नोंदवायला सांगते. त्या अंदाजे केव्हाच्या, तेही लिहायला लावते. 1996 च्या डी. के. बसू निकालाने कोठडीत दर 48 तासांनी तपासणी बंधनकारक केली. हे सगळे हवेच. पण जखमांसाठी छापलेला कागद जखमाच विचारणार. पुढे तुरुंगाच्या दारात 1894 चा कायदा उभा असतो. कैद्याची प्रकृती, अंगावरच्या खुणा आणि सक्तमजुरी असेल तर तो कोणत्या कामाला लायक आहे, हे वहीत नोंदवावे, असे त्याचे कलम 24 म्हणते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1999 मध्ये प्रवेशाच्या वेळच्या आरोग्य तपासणीचा स्वतंत्र नमुना सगळ्या राज्यांना पाठवला. जुन्या वहीने भागत नाही, याची ती कबुलीच होती.

आता त्या खोकल्यामागे असू शकणाऱ्या क्षयाचे पाहू. तो हवेतून पसरतो. बराकीत पथारीला पथारी लागलेली असते आणि संध्याकाळी बंदी झाली की सकाळपर्यंत सगळे एकाच हवेत. त्यातून देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत. कोणी पंधरा दिवसांत सुटतो, कोणी दोन वर्षे अडकतो, आणि कधी सुटणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. क्षयाचा साधा उपचारसुद्धा सहा महिन्यांचा. म्हणजे थुंकी तपासायला गेली, रिपोर्ट यायच्या आत जामीन झाला, आणि माणूस घोटीला परतला, असे सहज घडू शकते. परततो तो कुठे? भाताच्या गिरणीवर, हायवेच्या ढाब्यावर, वीटभट्टीवर, नाहीतर पाड्यावरच्या एका खोलीत, जिथे म्हातारी आई आणि लहान मुले त्याच्या शेजारीच झोपतात. आत गोळ्या सुरू झाल्या असतील तर आणखी वाईट. त्या अर्ध्यावर सुटल्या की साध्या औषधांना दाद न देणारा क्षय मागे लागू शकतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की तुरुंगातली तपासणी सुटलेल्या माणसामागे घरापर्यंत गेली नाही तर ती निम्मीच झाली. तपासणीची मोहीम निघाली, अमुक इतके कैदी तपासले, असा आकडा प्रसिद्ध झाला की सगळे खूश होतात. त्यातले किती जण पुढे गोळ्या पुऱ्या करून बरे झाले, हे विचारणारे थोडे.

बाहेर गरिबाला एक्स-रेसाठी खेटे घालावे लागतात, मग गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला, असे म्हणणारे भेटतात. पहिली गोष्ट, कच्चा कैदी अजून गुन्हेगार ठरलेलाच नसतो. आणि दुसरी गोष्ट मे 2020 मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाने दाखवून दिली. आठशेच्या आसपास क्षमतेच्या त्या तुरुंगात अडीच हजारांहून जास्त माणसे होती, आणि पहिल्याच मोठ्या तपासणीत 77 कैद्यांबरोबर 26 कर्मचारीही कोरोनाबाधित निघाले. कर्मचारी ड्युटी संपली की घरी जातात. त्यानंतर काही दिवसांतच राज्यातले सुमारे 17 हजार कैदी तात्पुरते सोडायचे ठरले. एरवी वर्षानुवर्षे न हलणारी व्यवस्था साथ आली तेव्हा आठवड्यात हलली.

मात्र तपासणी म्हटले की सक्तीही डोकावते, आणि तिचा इतिहास आपल्याकडे चांगला नाही. 1897 च्या प्लेगमधल्या पुण्यातल्या घरझडत्या सर्वांना ठाऊक आहेत. गोव्यातली गोष्ट कमी सांगितली जाते. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्हीची लागण आहे एवढ्याच कारणावरून म्हापशाजवळ 64 दिवस एकांतात कोंडून ठेवले. गुन्हा कसलाच नव्हता. उलट तो नियमित रक्तदान करणारा होता. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणीला सर्वसाधारणपणे मनाई केली, आणि कलम 31 मध्ये कोठडीतल्या माणसाला चाचणी, समुपदेशन व उपचारांचा हक्क दिला. कायदा नीटच आहे. पण शेजारी हवालदार उभा असताना 'मारले का?' या प्रश्नाला आरोपी जे उत्तर देतो, तेच 'काही आजार आहे का?' यालाही देतो. 'नाही साहेब.' हवालदार दाराबाहेर थांबला तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता तरी राहते.

करायचे आहे ते फार महागाचे नाही. अटकेच्या मेडिकलमध्ये चार प्रश्न वाढवायचे: खोकला, ताप, वजनातली घट, रात्रीचा घाम. संशय आला तर सीबीनॅट यंत्रावर साधारण दोन तासांत निकाल मिळतो. यंत्र जवळ हवे आणि नमुना त्याच दिवशी तिथे पोचायला हवा. क्षय निघालाच तर 'नि-क्षय' या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक सुटकेच्या कागदांबरोबर रुग्णाच्या हातात पडावा आणि त्याच दिवशी त्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राला कळावा. त्या नोंदीवर दुसऱ्या गावीही उपचार पुढे चालू ठेवता येतात, आणि नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये मिळतात.

तोवर इगतपुरीच्या कोर्टातल्या वकील मंडळींना एक विनंती. जामिनाचे कागद करताना पक्षकाराला एवढे विचारा: आत थुंकी तपासली का, आणि रिपोर्ट कुठे आहे?