वारा खाणारा गडी

अभनपूरला धमतरी रस्त्यावर एका मराठी मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. त्याचा भाचा शर्यतीत उतरायचा. एका संध्याकाळी तो धुसफुसतच दुकानात शिरला.

"मामाजी, चौघांत सर मलाच पुढे काढतात. वारा मी खायचा आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला दुसऱ्याने सुटायचं. पेपरात नाव त्याचं!"

मामा चाकाचा आउट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "युकिया अराशिरो ऐकलाय?"

जपानच्या इशिगाकी बेटावरचा हा गडी. 2009 साली तो आणि फुमियुकी बेप्पू टूर द फ्रान्स पूर्ण करणारे पहिले जपानी ठरले. तीन आठवडे, जवळपास साडेतीन हजार किलोमीटर. अराशिरो 129वा आला.

"129वा?"

"त्याचं कामच वेगळं रे. संघाच्या मोटारीपाशी मागे यायचं. पाण्याच्या बाटल्या पाठीच्या खिशांत, जर्सीच्या गळ्यातून आत, मिळेल तिथे कोंबायच्या. मग ते ओझं घेऊन घोळक्यातून वाट काढत एकेका गड्याला पाणी पोचवायचं. वारा सुटला की म्होरक्याच्या पुढे चालायचं, म्हणजे त्याचे पाय शेवटच्या चढासाठी शिल्लक राहतात."

2016च्या फेब्रुवारीत कतारच्या शर्यतीत पडून अराशिरोच्या मांडीचं हाड मोडलं. जुलैत तो पुन्हा टूरमध्ये होता. सहाव्या टप्प्यात घोळक्यातून सुटून कितीतरी वेळ पुढे राहिला. टप्पा मार्क कॅव्हेंडिशने जिंकला, पण त्या दिवसाचा सर्वांत झुंजार सायकलपटू म्हणून निवड झाली ती अराशिरोची. मांडी मोडलेल्या माणसाने पाच महिन्यांत हे करावं, याहून मोठी शान कुठल्या पदकात असेल असं मला वाटत नाही.

"त्याला राग येत नसेल?"

"ते त्यालाच ठाऊक. पण युरोपातल्या संघांनी त्याला वर्षानुवर्षं पगार देऊन ठेवलं. 2017 साली तर टूर जिंकलेला निबाली ज्या संघाचा म्होरक्या, त्या संघात तो होता. फुकटची जागा तिथे कुणाला मिळत नाही."

पोरगा बराच वेळ नुसता पाना फिरवत बसला. मग म्हणाला, "वारा डावीकडून आला तर पुढच्याने नेमकं कुठे चालायचं?"

मामांनी खडूने फरशीवर चार चाकं काढली, तिरक्या रांगेत.

दुसऱ्या दिवशी राजिम रस्त्यावर सराव होता. शेतांवरून आडवा वारा लागताच तो रस्त्याच्या डाव्या कडेला सरकला आणि मागच्याला ओरडला, "उजवीकडे ये, माझ्या चाकाला चिकट! आणि पाणी पी, दुसरी बाटली आहे माझ्याकडे."